सभ्य घराण्यातलं डोकं

भोसरी, १९७४

तीर्थरूप बापूंना हणमंताचा दंडवत.

मी खुशाल आहे. ओव्हरटाइम मिळतो, खानावळीतली भाकरी बरी असते. आईचा गुडघा कसा आहे? कार्ड सगळे वाचतात, म्हणून हे बंद पत्र.

आमच्या वर्कशॉपमधून तांब्याची तार चोरीला जाते. मालकांनी त्यावर उपाय काय काढावा? पुण्याहून एक प्रोफेसर आणला! माणूस गुन्हा का करतो, हे तो आम्हा कामगारांना शिकवणार. म्हणे गुन्हेगारी रक्तातच असते, कपाळ नि जबडा पाहून ओळखता येते. गरिबी, संगत हे सगळं नंतरचं. असल्या अकलेलाही पगार मिळतो, बापू!

मग त्याला नमुना हवा झाला. गर्दीवरून नजर फिरवून त्यानं नेमकं मलाच पुढं बोलावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हे पाहा, पिढीजात सभ्य घराण्यातलं डोकं. हा चोरी करूच शकणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून हसलो.

त्या दीडशहाण्याला काय सांगणार? आपण कोणत्या जमातीचे, हे इथं कुणालाच ठाऊक नाही. तुम्हीही पाकिटामागं वस्तीचं नाव घालू नका. चोर अजून सापडलेला नाही.

सगळे म्हणतात, मी हुबेहूब तुमच्यावर गेलोय. तेच कपाळ, तोच जबडा. इंग्रज सरकारनं तुम्हाला जन्मतःच गुन्हेगार ठरवून रोज चावडीवर हजेरीला उभं केलं, तेव्हा खाली घातलेलं डोकं हेच होतं.

तेच तुमच्या पायांवर ठेवतो.

तुमचा
हणमंत