यानाचं दार

गुरुवार, दिवेलागण, अड्याळ

मन कशातच लागून नाही राहिलं. आज अंतराळातल्या राक्षसाच्या त्या पिक्चरचा दुसरा भाग मोबाईलवर पुरा पाहिला. यानाचं दार त्यातल्या डॉक्टरीणबाईनं सोताच उघडलं. साफ दिसते.

मंग आम्ही दोघी बहिणी इतकी वर्षं कायले भांडून राहिलो होतो? ताईचं म्हणणं, दार राक्षसानं तोडलं. माझं म्हणणं, तोडलं तर तिसऱ्या भागात ते साबूत कसं? आता कळलं. लहानपणी गावचा केबलवाला रात्री हे पिक्चर लावे, अन् लोक जेवत असतात म्हणून रक्ताचे सीन काटून टाके. दाराचा सीन त्यातच गेला.

ताईले सांगू का? लग्न होऊन एकोडीले गेल्यापासून ती सासरचं काही बोलत नाही. बरी आहेस का विचारलं का फोन ठेवून देते. दाराचं काढलं का मात्र पहिलेसारखी तावातावानं भांडते. तो वादच मिटला तर ती फोन कायले करील?

आत्ताच फोन आला. "बोल, दार कोणी उघडलं?"

"तेच तर समजून नाही राहिलं, ताई," मी म्हटलं.