खंदकातल्या जोडीदाराला घर

मी, अवधूत यशवंत शेलार, निवृत्त सुभेदार, वय अडुसष्ट, मुक्काम मुलीचा फ्लॅट, यिशुन, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव आणायला दिवसभर घरात कोणी नसते.

१. बँकेतील ठेवी कन्या उर्मिला हिला द्याव्यात. तिने व जावई प्रबोध यांनी मला काही कमी पडू दिले नाही. दोघे सकाळी एमआरटी रेल्वेने रॅफल्स प्लेसला कचेरीत जातात, दिवेलागणीनंतर थकून येतात.

२. सातारा जिल्ह्यातील माझे स्वकष्टार्जित घर धैर्यशील मोहिते यास हयातभर राहण्यास द्यावे. त्याच्या पश्चात ते उर्मिलाचे. त्याच्या मुलांनी घराच्या वाटण्या केल्या, त्यात त्याच्या वाट्याला पडवी आली आहे.

उर्मिलाने विचारले, "बाबा, ते आपले कोण?" म्हणून लिहितो. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही एका खंदकात होतो. खाली गुडघाभर चिखल. बूट काढून एकमेकांच्या पायांना मोहरीचे तेल चोळायचो, नाहीतर पाय कुजायचे. चहात माती, पुऱ्या गारढोण. एक पहाऱ्याला, दुसरा त्याच्या पायाशी बसून झोपलेला. एका दुपारी तोफगोळा पडला आणि खंदक माझ्यावर ढासळला. छताचे ओंडके आडवे पडले म्हणून श्वास चालला. वरून धैर्यशील ओरडत होता, "शेलार, बोलत राहा! आवाज थांबला तर खणू कुठं?" मी गावातल्या माणसांची नावे घेत राहिलो. गोळे पडतच होते. त्याने हातांनी उकरून मला काढले. त्याची नखे गेली.

३. त्याच धैर्यशीलशी माझा अबोला आहे. मी इकडे निघालो तेव्हा तो म्हणाला, "जाऊ नकोस. तिथं तुझ्याशी बोलणार कोण?" मला राग आला. त्याचे म्हणणे खरे निघाले. मात्र ही बाब त्यास माझ्या मृत्यूनंतरच कळवावी.

४. पदके नात गार्गी हिला. हाक मारली की ती "आजोबा, बिझी ला!" म्हणते; 'ला' हे इथल्या बोलीतले शेपूट. तिचा दोष नाही, अभ्यास फार असतो. पदके कशाची, हे तिने विचारले तरच सांगावे.

५. साक्षीदार वरच्या मजल्यावरचे दांपत्य आहे, लिफ्टमधली ओळख. त्यांना विनंती, की सही झाली म्हणून लगेच उठू नये. चहा टाकला आहे.

स्थळ: यिशुन, सिंगापूर
दिनांक: ९ मार्च २०१४

(सही) अवधूत यशवंत शेलार

आमच्यासमक्ष सही केली:
१. शुभदा अनिमेष दातार
२. अनिमेष वसंत दातार