ऑरिनचं खेचर

व्हर्लदादा,

काल ऑरिनच्या स्वयंपाकघरात एल्क हरणांच्या शिकारीची बैठक झाली. सगळ्यांचेच गुडघे कुरकुरायला लागलेत, म्हणून यंदा तंबू वर डोंगरात नाही, रस्त्यालगतच. आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणी गोळी झाडायची नाही. तेवढं मांस पाठीवर घेऊन चढ चढणार कोण?

मग तुझा विषय निघाला आणि जो तो आपल्या कॉफीत बघायला लागला. गेल्या वर्षी धुक्यात तू एल्क समजून ऑरिनच्या खेचरावर नेम धरलास. मी तुझ्या बंदुकीची नळी वर ढकलली म्हणून ते वाचलं. तेव्हा आपण पोट धरून हसलो, पण त्यानंतर तुझ्या पुढे चालायला कोणी धजलं नाही.

"तुझा भाऊ आहे, तूच सांग," ऑरिन म्हणाला. "त्याला एल्कला साद घालायची पुंगी घेऊन येऊ दे. त्याच्यासारखी एल्कची आरोळी कोणाला जमते? आणि पुंगीवाल्याला बंदूक लागत नाही."

हे तुला तोंडावर सांगवेना, म्हणून लिहायला बसलो. इथवर लिहिलं, तर तुझाच फोन.

"लॉइड, यंदा मी नुसती पुंगी आणतो. बंदूक नातीला देऊन टाकली."

मी पेन खाली ठेवलं.

"आणि ऑरिनच्या खेचराला सांग," तू म्हणालास, "निवांत चर म्हणावं."

आता हे पत्र चुलीत घालतो.

यंदा तुझ्या पुढे चालणारा,
लॉइड