शेवटचे रीळ धाकट्याला

मी, खाली सही करणारी, या चित्रपटगृहाची निवृत्त ऑपरेटर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मृत्युपत्राला डोके पुरते, असे वकीलसाहेब म्हणतात. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. चित्रपटगृहामागच्या माझ्या दोन खोल्या व बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. तिच्या बापाचा आणि माझा अबोला असूनही ती येऊन माझ्या गुडघ्यांना तेल लावून जाते. स्वयंपाकघराचा निळा रंग मात्र तिने बदलू नये. बदललाच तर मला कळणार नाही, पण तिला थोडे तरी लागावे.

२. शिडी शेजारच्या शिंप्याला द्यावी. तशीही ती कित्येक वर्षे त्याच्याकडेच आहे.

३. फिल्म जोडायचे यंत्र, कात्री आणि भिंग डोअरकीपरला. फिल्म तुटली की प्रेक्षकांच्या आधी हाच शिट्टी मारायचा. आता स्वतः जोडून बघ म्हणावे.

४. आता धाकटा. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

बाबांच्या मागे प्रोजेक्टरची केबिन आम्ही दोघांनी सांभाळली. मशिने दोन, डावे माझे, उजवे त्याचे. एकाचे रीळ चालू असले की त्याने झरोक्यातून पडद्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने मागच्या खोलीत संपलेले रीळ उलटे गुंडाळायचे. त्यामुळे पहिले, तिसरे, पाचवे मी पाहायची, मधली त्याने. नावाड्याचा तो जुना कृष्णधवल चित्रपट आमच्याकडे वरचेवर लागे. माझ्या रिळांत नावाडी पुलासाठी दगड वाहायचा, तेही स्वतःचाच धंदा बुडवणाऱ्या पुलासाठी, आणि वर गात वाहायचा! धाकट्याच्या रिळांत त्याची बायको ताट झाकून वाट बघत बसायची. पाण्याला घाबरणारी बाई. नदीपलीकडे माहेर, पण होडीत पाय ठेवायची नाही. मी म्हणायचे, सिनेमा कामाचा आहे. तो म्हणायचा, असल्या कामाला काय चाटायचंय.

पुढे मुलगी झाल्यावर त्याने केबिन सोडून दिवसाची नोकरी धरली. मी त्याला घरकोंबडा म्हटले. तो म्हणाला, "ताई, तू माणसांत राहतच नाहीस, मशिनीत राहतेस." झाले, तेव्हापासून आमचे बोलणे बंद, आणि तो चित्रपटही आमच्याकडे पुन्हा लागला नाही.

गेल्या महिन्यात चित्रपटगृहाच्या मालकीणबाईंनी तो चित्रपट नव्या मशिनवर लावला. मी जन्मात पहिल्यांदा खुर्चीत बसून तो सलग पाहिला. शेवटच्या रिळात एक बाई एकटीच पूल ओलांडते आणि नावाडी नुसता बघत उभा राहतो. ते रीळ माझे, मी शेकडो वेळा पाहिलेले. मला वाटायचे, असेल गावातली कोणीतरी. अहो, ती त्याची बायको! पूल तिच्यासाठी होता. मी तिथेच ढसाढसा रडले, आणि पहिली आठवण धाकट्याची आली. त्याने शेवट कधी पाहिलाच नाही.

जुनी प्रिंट मोडीत निघाली तेव्हा शेवटचे रीळ मी ठेवून घेतले होते. ते धाकट्याला द्यावे. त्याने ते माझ्या मशिनवर लावून पाहावे. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. मी तेव्हा नसेनच.

दुरुस्ती: आज सह्यांच्या वेळी दुसरा साक्षीदार आलाच नाही, म्हणून भाचीने बापालाच धरून आणले. तो केबिनचा जिना चढून आला आणि माझ्याऐवजी मशिनकडे बघत म्हणाला, "याला तेल कधी घातलंयस?"

वकीलसाहेब म्हणाले, "यांची साक्ष चालणार नाही. कलम चारमध्ये यांना वस्तू मिळतेय."

त्याने कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. मग चष्मा काढून पुसला. "पूल तिच्यासाठी होता?"

"वाचून काय कळणार? बघायला हवं."

"मग तू मेल्यावर कशाला? आत्ता लाव की. साहेब, खोडा ते कलम. मला काही नको."

म्हणून कलम चार रद्द समजावे. मी हे लिहीपर्यंत त्याने रीळ चढवलेसुद्धा, माझ्याच मशिनवर, न विचारता.

ठिकाण: ऑपरेटरची केबिन
दिनांक: आजचा रविवार, दुपारच्या खेळाआधी
सही: ताई
साक्षीदार पहिला: डोअरकीपर (कलम तीनचे सामान आजच दिले, म्हणून तेही कलम रद्द; आज शिट्टी मारणार नाही, असे कबूल करून)
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही रीळ संपल्यावर करीन म्हणतो. मला झरोक्यापाशी बोलावतो आहे.