वेस्लीची सॅक आणि शुक्रवारचा समारंभ

प्रति,
मा. डॉ. हॅरिस ओल्डम,
अधिष्ठाता (विद्यार्थी कल्याण),
हार्लन क्रीक विद्यापीठ, ओहायो.

अर्जदार : लोरेटा व्हिटकम्ब (कै. वेस्ली आणि चि. टॉबी यांची आई)

विषय : हॉथॉर्न रोडवरील बंधुमंडळात (फ्रॅटर्निटीत) मला उमेदवार म्हणून दाखल करून घेऊन येत्या शुक्रवारच्या समारंभास बसू देण्याबाबत.

संदर्भ : 'समारंभास पालकांना उपस्थित राहता येणार नाही' असे कळविणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, माझा थोरला मुलगा वेस्ली आपल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना या बंधुमंडळाच्या घरात मरण पावला. आपल्या अहवालात त्यास 'दुर्दैवी घटना' म्हटले आहे. घडले ते असे. प्रत्येक नव्या उमेदवाराला जुन्यांपैकी एक जण 'थोरला भाऊ' म्हणून मिळतो. दाखल करून घेण्याच्या समारंभात थोरला भाऊ दारूची बाटली हातात देतो आणि धाकट्याने ती एकट्याने संपवायची असते. वेस्लीने संपवली. त्याची शुद्ध हरपल्यावर त्याला कोचावर कुशीवर निजवून पाठीला पुस्तकांची सॅक बांधली, जेणेकरून तो उताणा होऊन उलटीने गुदमरणार नाही. ही तिथली जुनी रीत असून मुले तिला काळजी घेणे म्हणतात. मग काळजी घेणारे सगळे वर नाचायला गेले. वेस्ली उताणा झालाच.

२. त्यानंतर मंडळ बंद झाले आणि माजी सभासदांनी रदबदली करताच पुन्हा उघडले. त्या वेळच्या सभेत आपण म्हणालात, "बंदी घातली तर पोरं चोरून करतील. परवानगीनं केलं तर निदान आपल्या नजरेखाली राहील." टाळ्या पडल्या. ही नजर नेमकी कोणाची, असे मी उभी राहून विचारले, तेव्हा आपण घड्याळाकडे पाहिलेत.

३. माझा धाकटा मुलगा टॉबी यंदा त्याच घरात उमेदवार झाला आहे. मी रडले, ओरडले, गाडीची किल्ली लपवली. तो म्हणाला, "मॉम, वेस्ली गेला तेव्हा त्याच्याजवळ तेच होते. आपण नव्हतो. तिथं भिंतीवर त्याचा फोटो आहे, रोज कोणीतरी त्याचं नाव घेतं. तू तर त्याच्या खोलीचं दारसुद्धा उघडू देत नाहीस." यावर मी लपवलेली किल्ली काढून त्याला दिली, हे प्रांजळपणे नमूद करते.

४. टॉबीचा थोरला भाऊ म्हणून प्रेस्टन हॅडली याची निवड झाली आहे. वेस्लीचा थोरला भाऊही तोच होता. मागच्या रविवारी तो मुद्दाम मला धीर द्यायला घरी आला, आणि आल्या पाहुण्याला उपाशी कसे पाठवावे म्हणून मी त्याला भाजलेले मांस नि बटाटे वाढले. तो म्हणाला, "मिसेस व्हिटकम्ब, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावू नका. गेल्या वेळी कुठं चुकलं ते आम्हाला कळलंय." महोदय, खोटे कशाला सांगू, मला क्षणभर आशा वाटली. "सॅक हलकी होती हो! वेस्लीच्या सॅकमध्ये दोनच पुस्तकं, ती सरकली. यंदा सगळ्यांच्या सॅका गच्च भरणार. डीनच्या ऑफिसनं पण पास केलंय." मी त्याला आणखी दोन बटाटे वाढले. बाटलीचा विषय त्याने काढलाच नाही, कारण बाटलीत काही चुकले असे त्याला वाटतच नाही. पोरगा लबाड नाही. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मला त्या पाण्याचीच भीती वाटते.

५. खातरजमा करण्यासाठी मी आपल्या कार्यालयात फोन केला. फोनवरील बाई अदबीने म्हणाल्या, "हो, सुरक्षा आराखड्यात 'पाठीस पुरेसा आधार' असं कलम आहे. पण तुमचा मुलगा सज्ञान आहे, मॅम. याहून जास्त मला सांगता येणार नाही." समारंभाच्या खोलीत फक्त सभासद आणि उमेदवार बसू शकतात, हेही त्यांनीच सांगितले. वरातीमागून घोडे आलेले मी एकदा पाहिले आहे. पुन्हा पाहण्याची ताकद माझ्यात नाही.

६. सबब मी उमेदवारीसाठी अर्ज करीत आहे. उमेदवार विद्यापीठाचा विद्यार्थी असावा, अशी अट आहे. मी आपल्या सायंकालीन कुंभारकामाच्या वर्गात नाव घातले आहे. उमेदवार सच्छील असावा, अशीही अट आहे. त्याबद्दल आमच्या पाद्रींना विचारावे. उमेदवार पुरुष असावा, ही अट मात्र कृपया शिथिल करावी. जे आराखडा मंजूर करू शकतात त्यांना एवढे जड जाऊ नये. मी फरशी पुसेन, म्हणतील ते गाणे म्हणेन, बाटली दिली तर तीही घेईन. टॉबीच्या वाट्याची पण मलाच द्यावी. फक्त तो निजेल त्या कोचाशेजारी मला खुर्ची मिळावी आणि इतर सगळे वर गेले तरी मला कोणी ऊठ म्हणू नये.

७. काल टॉबीचा फोन आला. "मॉम, वेस्लीची सॅक पाठव ना. प्रेस्टन म्हणतो, माझ्या पाठीला तीच बांधू. वेस्लीचा मान म्हणून." ती सॅक पोलिसांनी परत दिल्यापासून मी उघडली नव्हती. काल उघडली. पुस्तके खरेच दोन आहेत. मी ती टॉबीला पाठवलेली नाही. या अर्जासोबत आपल्याकडे पाठवीत आहे आणि तसे त्याला कळवले आहे. त्यांना दुसरी सॅक सहज मिळेल, हे मला समजते. पण टॉबीला हीच हवी आहे, त्यामुळे शुक्रवारी दुपारी तो आपल्या दाराशी येईल. तो उंच आहे, केस तांबूस आहेत, आणि हसला की थेट वेस्लीसारखा दिसतो. माझा अर्ज नामंजूर करावयाचा असल्यास सॅक आपण स्वतःच्या हाताने त्याला द्यावी, ही विनंती.

कळावे, आणि कळल्यावर पुढे विसरू नये.

आपली अजूनपर्यंत नम्र,
लोरेटा व्हिटकम्ब
दिनांक : मंगळवार, १४ ऑक्टोबर

सोबत :
कुंभारकाम वर्गाच्या प्रवेशाची पावती.
सॅक, निळी. पट्टे शाबूत आहेत.