खारीचा बंदोबस्त

१० मार्च १९४६, रविवार

आजपासून रोजनिशी. पलटणीत कोठाराच्या नोंदी पाच वर्षं ठेवल्या, एक ब्लँकेट इकडचं तिकडं झालं नाही. घरी आल्यापासून मात्र माझ्या हाताला कोणी काही लागूच देत नाही. शिस्त हवी.

कारण घडलं ते असं. विजयमालानं बाळासाठी शिवलेली गादी खारीनं फाडली. भरदिवसा. कापूस काढून आढ्यात नेला, उरलेला घरभर. विजयमाला तो वेचत बसली होती. तिला सहावा महिना. पहिलं मूल तीन वर्षांमागं आठवड्याच्या आत गेलं. तेव्हा मी देवळालीला, रजेचा अर्ज करून वाट बघत. अर्ज मंजूर होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. या खेपेला मी घरी आहे. काही कमी पडू देणार नाही.

सुरुवात खारीपासून.

११ मार्च

साळूआत्याला योजना सांगायला गेलो. (आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, घरची सगळी कमांड तिच्याकडे.) मी तोंड उघडायच्या आत तिनंच पुन्हा बजावलं, घरात पोटुशी बाई हाय, बाळ हातात पडंस्तवर तू वस्तरा लावायचा न्हाई आन् कशाचा जीव घ्यायचा न्हाई. साप निघाला तर नानासोला हाळी मार, तू काठी उचलू नगंस. लेकराला बाधतंय.

वस्तऱ्याचं मी पाळतोच आहे. दाढी छातीवर आली. गावातली कुत्री ओळखेनाशी झालीत.

म्हटलं, आणि खार? म्हणाली, चानीला काय जीव नसतोय व्हय रं?

विचार केला. हे सगळं जुन्या बायकांचं. पण विजयमाला मानते. तेव्हा तिच्यादेखत काही करायचं नाही. ऑपरेशन सीक्रेट. शिवाय आत्या म्हणाली ते घरात मारण्याबद्दल असणार. परसात चालत असावं.

१३ मार्च

हत्यार ठरलं, गलोल. बाभळीची बेचकी स्वतः कापली. हातात तीन काटे. रबर कुठंच मिळत नाही, लढाई संपली तरी. शेवटी सायकलवाल्या सिद्धूकडे गेलो. त्यानं जुन्या ट्यूबची पट्टी दिली आणि माझी पलटणीची पाण्याची बाटली घेतली. फसवलं, पण चीज चांगली आहे.

सिद्धूनं विचारलं, हवालदार, बर्मात जपानी किती लोळवलं? मी नुसता हसलो. हसण्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. देवळाली बर्मात नाही हे त्याला ठाऊक नसेल तर तो त्याच्या भूगोलाचा दोष.

१५ मार्च

पहिला हल्ला. आत्या रानात, विजयमाला पडलेली. खार पेरूच्या झाडावर, वीस पावलांवर. नेम अचूक. ऐन वेळी वारा सुटला. खडा नानासोच्या म्हशीला लागला. नानासो शेजारी आहे, समजूतदार आहे, तरी बराच वेळ बोलत होता.

खार मात्र जखमी झाली. खड्यानं नव्हे, पण धसक्यानं. पळताना लंगडत होती असं वाटलं. कुठंतरी जाऊन मेली असणार.

एक.

१६ मार्च

सकाळी पेरूवर खार. ही दुसरी असणार.

१८ मार्च, धुळवड

गावाची पारध निघाली, सशांसाठी. कुत्री, काठ्या, सगळा गोंधळ. मलाही बोलवायला आले, म्हणाले पलटणीचा माणूस पुढं पायजे. मी म्हटलं, घरात पोटुशी बाई, मला जीव घ्यायची मनाई आहे, नियम म्हणजे नियम. सगळ्यांना पटलं. विजयमालानं आतून ऐकलं. दुपारी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं जास्तीचा रस्सा वाढला. म्हणाली, तुमी पाळताय म्हणून मला धीर वाटतोय बघा.

रस्सा तिखट होता. नीट गेला नाही.

२१ मार्च

गलोलीत दोष सापडला. रबर जुनं. आता गोफण. आत्याची आहे, जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलते. बाईमाणसाला जमतं म्हणजे अवघड नसावं.

संध्याकाळी ५. दगड पुढं जायच्याऐवजी मागं गेला. पाण्याचा हंडा चेपला. आत्याला सांगितलं, हंडा पडला. कशावरनं पडला, असं तिनं विचारलं. मी कामात असल्याचं दाखवलं.

खार आवाजानं कौलावरून खाली कोसळली किंवा उतरली. दोन धरायला हरकत नाही.

२६ मार्च

शस्त्रापेक्षा युक्ती श्रेष्ठ. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा फास. कामानिमित्त कराडला गेलो होतो, तिथं टांग्याच्या घोड्याला न विचारता केस घेतले. मांडीवर नालाचा शिक्का आहे. झोपताना कूस बदलता येत नाही. विजयमालाला सांगितलं, मोटारस्टँडवर पाय घसरला. तिनं हळद गरम करून लावली. तिला स्वतःला वाकता येत नाही, तरी वाकून लावली.

लाज वाटली. पण हे सगळं कोणासाठी चाललंय?

२८ मार्च

काल फासात आत्याची तलंग कोंबडी अडकली. ओरडून ओरडून गल्ली गोळा केली. जिवंत सोडवली. त्यानंतर तिनं अंडं घातलेलं नाही आणि आत्या माझ्याकडं बघत असते.

खार सगळा वेळ भिंतीवर बसून शेंग खात होती. तलंगेच्या ओरड्यानं आणखी दोन धसकून मेल्या असणार, तेव्हा ही पाचवी, पण ओळखू येत नाही.

१ एप्रिल

विजय जवळ आला. नानासोच्या मेव्हण्यानं सांगलीहून छऱ्याची बंदूक आणली आहे. विलायती. म्हशीचं प्रकरण मिटवून पंधरा दिवसांसाठी मागून घेतली. नानासो म्हणाला, माझ्या गोठ्याकडं तोंड करू नगा म्हंजी झालं.

आत्याला आणि विजयमालाला सांगितलं, तेलपाणी करायला आणली आहे. कोठारातल्या माणसाला बंदुकीचं तेलपाणी येतंच. हे अगदी खरं आहे. चालवायची वेळ तेवढी कधी आली नाही.

३ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंडाऐवजी शिरा. दुपारी पेरूखाली पोत्यावर पालथा पडून पोझिशन घेतली. डोळा लागला. जाग आली तेव्हा खार समोर, हातभर अंतरावर, शेपूट उडवत. बार टाकला. छर्रा कुठं गेला ते कुठल्याही वस्तूवर दिसत नाही. याचा अर्थ एकच, तो खारीत आहे.

पाच.

६ एप्रिल

सिद्धूकडे बसलो होतो. पारधीतल्या सशांच्या बढाया चालल्या होत्या. दाढीवरून मला कोणीतरी गोसावी म्हटलं. मग सांगून टाकलं, एकट्यानं पाच खारी टिपल्या, कोणाला पत्ता नाही. सिद्धूनं चहा मागवला. घरी बोलू नका एवढं बजावलं. सिद्धू म्हणाला, गळ्याशपथ.

बऱ्याच दिवसांनी माणसात बसल्यासारखं वाटलं.

९ एप्रिल

सिद्धूच्या बायकोनं विहिरीवर सांगितलं.

विजयमाला भिंतीकडे तोंड करून पडली आहे. सकाळी भाकरी तशीच. दुपारी तशीच. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाली, पाच जीव घेतलंसा? माझं एक न्हाई का आठवलं?

आत्या माझ्याशी बोलत नाही. तिला बोलताना आवरणं कठीण, न बोलताना तर बघवत नाही.

१० एप्रिल, सकाळ

विजयमाला म्हणते, काल दुपारपासून बाळ हललं नाही.

बनुबाई सुईण आली. पोटाला हात लावला, कान लावला. बाहेर येऊन आत्याला म्हणाली, बाई भ्याली हाय, पोटात अन्न न्हाई, आदी तिला खायला घाला, मग बगू. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी सोप्यात उभा. मग अंगणात उभा. परत सोप्यात. या खेपेला घरी आहे, आणि देवळालीला होतो तेवढाच उपयोगाचा आहे.

१० एप्रिल, सकाळी ११

विजयमालाला सांगितलं, एकही खार मेली नाही. तिची समजूत काढायला सांगितलं, पण सांगताना लक्षात आलं की उलट पुरावा माझ्याकडे काही नाही. ती रडायला लागली. म्हणाली, तुमी माझ्या समाधानापायी बोलताय. पलटणीतला माणूस, पाच वर्सं बंदूक हातात, तुमचा नेम चुकंल का?

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नेमावर कोणी एवढा विश्वास ठेवला.

मी आढ्याकडे बोट दाखवलं. खार कापसात बसली होती. म्हटलं, हीच ती. विजयमाला म्हणाली, ही दुसरी असंल.

देवळाली सांगितली. ब्लँकेटं सांगितली. पाच वर्षांत एकदाही गोळी झाडली नाही हे सांगितलं. तेही तिला खोटंच वाटलं.

काय करावं कळत नाही. खरंच कळत नाही.

१० एप्रिल, संध्याकाळ

आत्या शेवटी बोलली. म्हणाली, ऊठ, बंदूक घे. पोरीच्या डोळ्यांदेखत हून जाऊ दे.

परसातल्या कट्ट्यावर मडकं ठेवलं. दहा पावलं आत्यानं मोजली, तिची पावलं लहान. विजयमालाला धरून दारात बसवलं. भिंतीवरून नानासो, त्याची बायको, सिद्धू, अर्धी गल्ली. नानासोनं म्हैस लांब नेऊन बांधली.

मी ठरवून उभा होतो की नेम मुद्दाम चुकवायचा. मडक्याच्या हातभर डावीकडं. पण बंदूक खांद्याला लागली, कोणीतरी मागं फिसकन हसलं, आणि काय झालं मला कळलं नाही. देवाशपथ, मी मडक्यावरच नेम धरला. जीव ओतून धरला. श्वास रोखला, एक डोळा मिटला, पुस्तकात लिहिलंय तसं सगळं केलं.

पहिला बार गेला. दुसरा. तिसऱ्याला कावळा उडाला, पण तो आधीच उडत होता. आत्या म्हणाली, आणि दोन पावलं म्होरं हो. झालो. चौथा. आत्या म्हणाली, आणि हो. पाचव्याला मडकं इतकं जवळ होतं की त्यावरची बोटांची नक्षी दिसत होती. लागला नाही.

गल्ली हसत होती. त्यात मला एक आवाज ओळखू आला. विजयमाला. तोंडाला पदर लावून, हुंदके देत हसत होती. आणि मध्येच थांबली. पोटावर हात ठेवला. म्हणाली, आत्याबाई, हललं. लाथ मारली बघा.

आत्यानं तिथंच दारात तिला भाकरी दुधात कुस्करून दिली. सगळी खाल्ली.

मी बंदूक घेऊन उभा. लागला असता तर? सगळं ठाऊक असून मी मडक्यावर नेम धरला होता. पेरूच्या बुंध्याला टेकून बसलो. नानासो आला, बंदूक काढून घेतली, म्हणाला, ऱ्हाऊ द्या हवालदार, देवानं चांगला नेम दिलाय तुमाला.

११ एप्रिल, रामनवमी

विजयमाला बरी. बाळ सारखं हलतंय. तिनं नवी गादी भरायला घेतली आणि थोडा कापूस मुद्दाम उंबऱ्यावर ठेवला. खार येऊन घेऊन गेली. मी बसलो होतो तरी आली. माझी भीती तिला कधीच नव्हती असं दिसतं.

गल्लीत कोणालाही आश्चर्य वाटलेलं नाही. याचं मला थोडं वाटलं.

दुपारी आत्याला विचारलं, परसात फुटकी मडकी पडली होती, तू लोण्याचं नवं कोरं मडकं कशाला आणून ठेवलंस? ती ताक घुसळत होती. मान वर न करता म्हणाली, फुटायचं भ्या असतं तर आणलं असतं का रं?

आज त्यातच ताक आहे. वाटीभर प्यालो. बरं झालंय.