दुपारी तळ्यावर जाणारी

सोमवार, ३
पोचले एकदाची. सात आठवड्यांत अकरा शहरं आणि दोनशेच्या वर लिफ्ट तपासून झाल्या. जिना दिसला तरी हात आधी बटण शोधतो, अशी वेळ आली, तेव्हा साहेबांकडून हट्टानं सुट्टी घेतली आणि तळ्याकाठच्या या जुन्या शहरात येऊन पडले. दगडी रस्ते, पडका तट, शांत पाणी, आणि गावात लिफ्ट एकही नाही! ऐकूनच जीव हलका झाला. माडीवरची खोली मिळाली: लोखंडी पलंग, पांढरी चादर, खिडकीला टेकलेलं टेबल. खिडकीखाली गल्ली, गल्लीच्या टोकाला तळं. मालकीणबाई बोलक्या आहेत. म्हणाल्या, इथं सगळे दमूनच येतात.

मंगळवार, ४
तट पाहायला निघाले आणि अर्ध्यातून परतले. पायांनी साफ नकार दिला. जेवून आडवी झाले ती तीन तास मेल्यासारखी झोपले. उठले तर अंगात काडीचं त्राण नाही. शीण हाडांत मुरलाय, दुसरं काय.

बुधवार, ५
आजही दुपारभर झोप. संध्याकाळी कशीबशी धक्क्यावर गेले तर एका नावाड्यानं ओळखीचा हात केला. म्हणाला, कालही आलात आणि आजही, दुपारभर पाण्यात पाय सोडून बसता, गप्पा छान मारता. मी म्हटलं, ती दुसरी कोणी असेल, मी झोपले होते. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, भुवईवरचा हा व्रणसुद्धा तिला असाच कसा असेल?"
हसून विषय टाळला. परतताना जिन्यावर दोनदा बसावं लागलं.

गुरुवार, ६
मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, जेवण झालं की थोड्या वेळानं तुम्ही उतरता की खाली, आणि काय टवटवीत दिसता! झोपेत चालत असेन. म्हणून दुपारी दाराला आतून कडी लावली, कडीला दोरा बांधला आणि दुसरं टोक मनगटाला. जाग आली तेव्हा कडी तशीच, गाठ तशीच. खाली मालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या, आज तर गुणगुणत गेलात.

शुक्रवार, ७
इथून निघायचं ठरवलं. बॅग उचलून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले आणि गुडघेच गेले. कोपऱ्यावरच्या चांभारानं उठवून परत आणून सोडलं. ताईला फोन केला. आवाज ऐकूनच ती घाबरली. म्हणाली, "मी उद्या निघते. परवा दुपारपर्यंत पोचते. तू कुठं हलू नकोस गं."
जशी काही मी हलू शकते.

शनिवार, ८
आज झोपायचंच नाही म्हणून खिडकीशी बसले. डोळ्यांवर पाणी मारत राहिले. दोन वाजता ती दिसली. खाली, गल्लीत. अंगात माझाच निळा कुडता. चाल माझीच, पण दौऱ्यावर निघण्याआधीची. थांबून तिनं वर पाहिलं आणि हसली, आजाऱ्याला भेटायला आल्यावर हसतात तसं.
मी टक्क जागी होते. ती एकेक पाऊल टाकत होती आणि माझं एकेक बोट गार —

रविवार, ९
पलंगावरून टेबलापर्यंत यायला सकाळ गेली. मालकीणबाई आल्या, शाल पांघरली. मी म्हटलं, माझी बहीण येतेय, तिला वर पाठवा. त्या हळूच म्हणाल्या, "तळ्यावर जाणाऱ्या त्या गेल्यात घ्यायला. दोघींपैकी जिच्यात त्राण असतं, ती परत जाते. तुम्ही पडून राहा."
ओरडले. आवाज निघाला नाही —

दुपार
ताई. गल्लीत. ती धावत गेली, ताईच्या गळ्यात पडली. ताई रडतेय, तिचे गाल कुरवाळतेय. म्हणाली, केवढी सुधारलीस गं —
बॅग तिच्या हातात आहे. माझी.
काचेवर हात आपटायचाय. हात उचल —
ताईनं वर पाहिलं. माझ्याकडे. पाहतेय अजून. विचारलं तिला, ती वर कोण बाई बसलीय?
ती म्हणाली, असेल कोणी प्रवासी, फार दमलेली दिसते, आपण तिला